मावळचा निकाल चार वर्षे आधीच लागला!



पुणे जिल्हा परिषदेची निवडणूक २०२६ च्या फेब्रुवारीत झाली. मते मोजली गेली, गुलाल उडाला, ढोल-लेझीम झाले, जिंकलेल्यांच्या गळ्यात हार पडले आणि हरलेल्यांनी दारे लावून घेतली. कोण आले, कोण पडले, कुठल्या झेंड्याला किती जागा मिळाल्या, ही बेरीज वर्तमानपत्रांनी केव्हाच केली आहे. ती आम्ही पुन्हा करीत बसणार नाही. आम्हाला सांगायचा आहे तो दुसराच निकाल. तो लागला मार्च २०२२ मध्ये. एकही मत न पडता लागला. त्या निकालात मावळचे जिल्हा परिषदेचे पाचही गट हरले, पंचायत समितीचे दहाही गण हरले, सगळा पुणे जिल्हा हरला. जिंकला फक्त एक रबरी शिक्का. त्या शिक्क्यावर एकच शब्द होता – ‘प्रशासक’.

२०१७ च्या फेब्रुवारीत तुम्ही-आम्ही मते दिली. पंचाहत्तर सदस्य निवडून पुण्याला पाठवले. पाच वर्षांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. घटनेच्या २४३-इ कलमात अगदी साध्या शब्दांत लिहिले आहे की मुदत पाच वर्षांची, त्याहून जास्त नाही, आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक पुरी झाली पाहिजे. ‘जमल्यास’ असे तिथे लिहिलेले नाही. ‘सरकारच्या सोयीने’ असेही लिहिलेले नाही. तरी मुदत संपली, निवडणूक आली नाही, आणि जिल्ह्याचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाती गेला. वडगावला पंचायत समितीत सभापतीच्या जागी गटविकास अधिकारी बसले. हा कारभार किती दिवस चालला? सहा महिने? वर्षभर? जवळजवळ चार वर्षे! पाच वर्षांची मुदत तुमची, आणि तिच्यावर चार वर्षांचे फुकटचे राज्य दुसऱ्याचे. भाडेकरूने एवढे केले असते तर आपण त्याची भांडी रस्त्यावर मांडली असती!

आणि वडगाव म्हणजे कुठले गाव? १७७९ च्या जानेवारीत ज्या वडगावात कंपनी सरकारची फौज कोंडीत सापडली आणि साहेबाला तह लिहून द्यावा लागला, ते हे वडगाव. तिथल्या पंचायत समितीत आंदर मावळाचा, नाणे मावळाचा, पवन मावळाचा बोलणारा माणूस चार वर्षे नव्हता. खुर्च्या होत्या, टेबले होती, फायली होत्या. नव्हता तो तुमचा माणूस.

हे राज्य कशासाठी मागितले होते?

आम्ही मराठी राज्य मागितले. शंभरावर माणसे त्यासाठी गोळ्या खाऊन मेली. ते राज्य १ मे १९६० ला आले. कशासाठी मागितले होते? मंत्रालयावर मराठी पाटी लागावी एवढ्यासाठी? पाटीसाठी कोणी छातीवर गोळी घेत नाही. मागितले ते अशासाठी की गावातल्या माणसाला आपल्या भाषेत आपल्या कारभाराचा जाब विचारता यावा. तो जाब विचारण्याची जागा म्हणजे जिल्हा परिषद. राज्य आले त्याच वर्षी वसंतराव नाईकांची समिती नेमली गेली, १९६१ मध्ये तिचा अहवाल आला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ ला, राज्याला दोन वर्षे पुरी होताना, जिल्हा परिषदा सुरू झाल्या. मराठी राज्याचे पहिले लेकरू म्हणतात ते हेच.

त्याआधी काय होते? रिपनसाहेबाने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला, १८८४ मध्ये मुंबई इलाख्यात लोकल बोर्डाचा कायदा आला. पण त्या स्वराज्यात अध्यक्ष कोण? कलेक्टरसाहेब! सरकारने नेमलेले सभासद माना डोलवायचे आणि साहेब सही करायचा. लोकांनी निवडलेला अध्यक्ष मिळवायला आपल्या आज्या-पणज्यांना पुढे कितीतरी वर्षे भांडावे लागले. आता २०२२ ते २०२६ चे चित्र त्याच्या शेजारी मांडून बघा. अधिकारीच सभा, अधिकारीच ठराव, अधिकारीच सही. मग फरक काय उरला? साहेब इंग्रजीत सही करीत होता, हे मराठीत करीत होते. बाबांनो, मराठीतला हुकूम झाला तरी तो हुकूमच. अधिकाऱ्यांवर आमचा राग नाही. त्यांना बसवले म्हणून ते बसले. ज्यांनी बसवले, त्यांच्याशी आमचे भांडण आहे.

आणि हे दुखणे आजचे नाही, हेही ऐकून ठेवा. १९६२, १९६७, १९७२ – तीन निवडणुका पाच-पाच वर्षांनी झाल्या. मग गाडी रुळावरून घसरली. चौथी निवडणूक झाली १९७९ ला. आणि पाचवी? १९९२ ला! तेरा वर्षे! त्या तेरा वर्षांत जन्मलेले पोर शाळेतून बाहेर पडायला आले, पण जिल्हा परिषदेचे मतदान काही त्याने पाहिले नाही. देशभर हीच तऱ्हा होती म्हणून ७३ वी घटनादुरुस्ती आली आणि २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. रोगावर औषध म्हणून ती आली होती. आपल्या राज्यकर्त्यांनी औषधाची बाटली कपाटात ठेवली आणि कुलूप लावले.

सबबींचे गाठोडे

‘पण ओबीसींच्या आरक्षणाचा प्रश्न होता ना?’ असे कोणी विचारील. होता. ओबीसी बांधवांना त्यांचा वाटा मिळालाच पाहिजे, त्याबद्दल आमच्या मनात तिळाएवढी शंका नाही. म्हणूनच आम्ही विचारतो, की त्यांच्या नावाची ढाल पुढे करून वेळ कोणी काढला? सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२१ ला सांगितले की आयोग नेमा, आकडे गोळा करा, एकूण आरक्षण पन्नास टक्क्यांच्या आत ठेवा. आकडे गोळा करायला सांगितले तर सरकारने काढला वटहुकूम! डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तो थांबवला. मग बांठिया आयोग नेमला तो मार्च २०२२ मध्ये, म्हणजे बरोबर एक वर्ष उलटल्यावर. आणि त्या आयोगाचा अहवाल कधी आला? जुलै २०२२ मध्ये! जे काम चार महिन्यांत झाले, ते सुरू करायला बारा महिने लागले. याला काय म्हणायचे? बैल गेला नि झोपा केला!

बरे, जुलै २०२२ मध्ये अहवाल आला, न्यायालयाने मानला. मग तरी निवडणूक व्हावी की नाही? तोवर मुंबईत सरकार बदलले होते. आधीच्या सरकारने जिल्हा परिषदांच्या सदस्यांची मर्यादा पन्नास ते पंचाहत्तरवरून पंचावन्न ते पंच्याऐंशीवर नेली होती. नव्या सरकारने आल्या-आल्या ती पुसली आणि जुनी पुन्हा लिहिली. एकाने रेघ ओढायची, दुसऱ्याने पुसायची, आणि मतदाराने पाटी धरून उभे राहायचे! हा वाद पुन्हा न्यायालयात गेला, ‘जैसे थे’चा आदेश झाला, आणि त्या ‘जैसे थे’च्या सावलीत सगळे पक्ष गाढ झोपी गेले. जे आधी सत्तेवर होते तेही, जे नंतर आले तेही. एकमेकांचे तोंड न बघणारे लोक या एका झोपेत मात्र एकाच घोंगडीखाली होते.

शेवटी जागे कोणी केले? ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चार महिन्यांत निवडणुका घ्या. चार महिने गेले. मग मुदतवाढ, ३१ जानेवारी २०२६ पर्यंत. तीही ओलांडून जिल्हा परिषदेचे मतदान आले फेब्रुवारीत. तोवर पंचाहत्तर गटांचे त्र्याहत्तर झाले होते. न्यायालयाने कान धरला म्हणून मतदान झाले, एरवी आजही शिक्काच राज्य करीत असता.

या मोकळ्या खुर्चीचा फायदा कोणाला?

आता खरा प्रश्न. घर मोकळे राहिले की त्यात कोणीतरी शिरतोच. आयत्या बिळावर नागोबा! चार वर्षे आपले बीळ कोणाच्या कामी आले?

१९६१ चा कायदा करणाऱ्यांनी एक शहाणपण केले होते. त्यांनी जिल्हा परिषदेच्या सभागृहातून आमदार-खासदारांना बाहेर ठेवले आणि कलेक्टरलाही बाहेर ठेवले. का? कारण गावच्या साकवाचा, शाळेच्या पत्र्याचा, गुरांच्या दवाखान्याचा निर्णय गावच्या माणसाने करावा, वरच्याने खाली हात घालू नये. चार वर्षे सभागृहच बंद. मग साकव कोणाकडे मागायचा? आमदाराकडे. शाळेचा पत्रा? आमदाराकडे. रस्त्याचे खडीकरण? पालकमंत्र्याकडे. जो आपला हक्क होता, तो अर्ज झाला. जो अर्ज होता, तो उपकार झाला. आणि उपकाराचा फलक गावाच्या वेशीवर लागला, साहेबांच्या हसऱ्या फोटोसकट!

जिल्हा नियोजन समितीचे घ्या. जिल्ह्याचा विकासाचा पैसा कुठे जायचा हे ती ठरवते. घटना म्हणते, तिचे निदान चार-पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे. निवडून आलेले सदस्यच नाहीत, तर चार-पंचमांश आणायचे कुठून? उरले पालकमंत्री आणि वरून नेमलेली मंडळी. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, दुसरे काय!

नुकसान एवढ्यावर भागले नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशात जिल्हा परिषदेचा आणि पंचायत समितीचा दहा-दहा टक्के वाटा होता. पण तो निवडून आलेल्या संस्थेला. निवडणूक नाही, म्हणून वाटा अडला. म्हणजे मत गेले ते गेले, वर हक्काचा पैसाही गेला. दुष्काळात तेरावा महिना!

आणि मायबहिणींनो, तुमचे किती गेले ते मोजा. २०११ पासून या राज्यात जिल्हा परिषदेच्या निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पंचाहत्तरांत निम्म्या म्हणजे अडतीस. पंचायत समित्यांत तेवढ्याच्या दुप्पट. शंभरावर बाया या चार वर्षांत पाण्याच्या टाकीबद्दल, अंगणवाडीच्या खाऊबद्दल, बाळंतपणाला रात्री दवाखान्यात डॉक्टर नसतो त्याबद्दल भर सभेत उभ्या राहून बोलल्या असत्या. त्यांचे बोलणे कोणी खोडले नाही. ते होऊच दिले नाही.

लोणावळ्यालाही तीच शिक्षा

लोणावळेकर म्हणतील, आम्ही नगरपरिषदेत, आमचा जिल्हा परिषदेशी काय संबंध? संबंध असा की शिक्षा एकच होती. डिसेंबर २०१६ मध्ये तुम्ही नगरसेवक निवडले, नगराध्यक्ष थेट निवडला. ती मुदत संपल्यावर तुमच्याकडेही प्रशासकच आला आणि तुमचीही जवळजवळ चार वर्षे गेली. २०२५ च्या २ डिसेंबरला राज्यातल्या बहुतेक नगरपरिषदांचे मतदान झाले, आणि मोजणी? २१ डिसेंबरला! चार वर्षे थांबलेल्या माणसाला वर एकोणीस दिवस ओट्यावर बसवून ठेवले.

लोणावळ्याचे प्रश्न काय हलके आहेत? पावसाळा लागला की शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची सगळी गर्दी घाटावर येते. चिक्कीवाल्याचा धंदा होतो, ते बरेच आहे. पण गावाचा रस्ता तुंबतो, आजाऱ्याची गाडी अडकते, कचरा गावाच्या उशाशी पडतो. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली, त्यांत चार लेकरे. मग काय झाले? बंदीचे हुकूम निघाले. बंदी घालावी, जीव वाचत असतील तर जरूर घालावी. पण गर्दी किती घ्यायची, गाड्या कुठे थांबवायच्या, कुरवंडे-कुसगाव-कार्ल्याच्या पोरांना त्यातून रोजगार कसा द्यायचा, ही आखणी बंदीच्या कागदावर होत नाही. ती सभेत बसून, भांडून, हिशेब मांडून होते. सभाच नव्हती!

आणि कुंडमळा कोण विसरेल? रविवार, १५ जून २०२५. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जीव गेले, पन्नासच्या आसपास जखमी झाले. पूल जुना आहे, धोक्याचा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होते. नव्या पुलाला मंजुरी होती, पूल मात्र उभा नव्हता. जिल्हा परिषद असती तर तो पूल पडलाच नसता, असे आम्ही म्हणणार नाही. प्रेतावर उभे राहून भाषण करण्याची आमची जात नाही. आम्ही एवढेच म्हणतो की त्या पुलाविषयी भर सभेत दर महिन्याला उठून ‘काम का सुरू होत नाही?’ म्हणून टेबल बडवणारा गटाचा सदस्य त्या वेळी नव्हता, गणाचा सदस्य नव्हता, सभापती नव्हता. तीन खुर्च्या, तिन्ही मोकळ्या. टेबल बडवणारा माणूस कायद्याने दिलेला होता, आणि तो मुंबईत बसून काढून घेतला गेला.

‘सदस्य तरी कुठे देव लागून गेले?’

पारावरच्या शहाण्यांचा एक आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. ते म्हणतात, ‘अहो, निवडून आलेला तरी काय करतो? ठेकेदारी! त्यापेक्षा अधिकारी बरा, निदान भांडणे तरी नाहीत.’

या बोलण्यात खरे आहे ते आम्ही मानतो. ठेकेदार सदस्य आम्हीही पाहिले आहेत. निवडणुकीआधी देवदर्शनाच्या गाड्या सोडणारे, मटणाच्या पंगती घालणारे आणि निवडून आल्यावर फोन न उचलणारे तुम्हालाही ठाऊक आहेत. पण एक सांगा, लबाड सदस्याला घरी कोण बसवतो? तुम्ही! पाच वर्षांनी बोटाला शाई लावून बसवता. अधिकारी चुकला तर तुम्ही त्याला कुठे बसवणार? त्याची बदली होते आणि तो पुढच्या जिल्ह्यात जातो. त्याने अडवलेली फाईल मात्र वडगावातच राहते. शेतात तण माजले म्हणून कोणी शेत सरकारजमा करीत नाही. खुरपे घेऊन बांधावर जातो. निवडणूक हे आपले खुरपे आहे. ज्यांनी ते चार वर्षे लपवून ठेवले, तेच आता ‘तण फार झाले’ म्हणून सांगतात. चोराच्या उलट्या बोंबा!

भांडणे होतात म्हणता? होऊ द्या की! ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या पाण्याच्या बंद जलवाहिनीविरुद्ध मावळचा शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरला, पोलिसांच्या गोळ्या सुटल्या आणि तीन शेतकरी मेले. त्या वेळी जिल्हा परिषद होती, पण जलवाहिनीचा निर्णय तिच्या सभेत झालेला नव्हता. धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना विचारले गेले नव्हते. यातून मावळाने काय शिकायचे? जिथे माणसाला सभेत भांडायला जागा नसते, तिथे तो रस्त्यावर भांडतो. सभेतले भांडण गोंगाटाचे असते, पण त्यात कोणाची बाई विधवा होत नाही. म्हणून सभेतले भांडण आम्हाला हवे आहे, जास्त हवे आहे, दर महिन्याला हवे आहे.

आता काय करायचे?

निवडून आलेल्या सदस्यांनो, तुमचा पक्ष कुठला हे आम्ही विचारीत नाही. गळ्यातले हार सुकले असतील, तर आता हे ऐका.

पहिली मागणी: मार्च २०२२ पासून तुम्ही खुर्चीवर बसेपर्यंत पुणे जिल्हा परिषदेने आणि मावळ पंचायत समितीने किती पैसा खर्च केला, कुठल्या गावात केला, कुठला निधी अडला आणि कुठला परत गेला, याचा गावनिहाय हिशेब साध्या मराठीत छापून काढा आणि प्रत्येक ग्रामसभेत मोठ्याने वाचा. ‘संकेतस्थळावर टाकला आहे’ हे उत्तर आम्ही घेणार नाही.

दुसरी मागणी: नदी-ओढ्यांवरचे सगळे साकव आणि जुने पूल तपासून त्यांची यादी गावात लावा. कुठला धोक्याचा, कोणाच्या ताब्यातला, दुरुस्ती कधी, हे तीन रकाने त्यात हवेत. पुन्हा कुंडमळ्याचे नाव घेऊन रडायची वेळ आणू नका.

तिसरी मागणी: पंचायत समितीची सभा लोकांना दार उघडे ठेवून घ्या. टाकव्याच्या म्हातारीला आपला सदस्य बोलतो की नुसता चहा पितो, हे डोळ्यांनी बघू द्या.

आणि सर्वांत मोठी मागणी मुंबईतल्या राज्यकर्त्यांकडे, आजच्या आणि उद्याच्या. तुमची ही मुदत २०३१ च्या आरंभी संपेल. गटांची आखणी, आरक्षणाची सोडत, आकडे, आयोग, जे काय करायचे ते २०३० च्या दिवाळीआधी उरकून टाका. २०३१ मध्ये पुन्हा ‘अपरिहार्य कारण’ सांगत आलात, तर मावळ ते ऐकून घेणार नाही.

मतदार बंधूंनो, तुमच्यावरही एक काम आहे. चार वर्षे शिक्क्याचे राज्य चालले आणि आपण गप्प बसलो. विधानसभेची निवडणूक एक वर्ष लांबली असती तर राज्यात आगडोंब उसळला असता. जिल्हा परिषदेची चार वर्षे लांबली आणि आपण भात लावला, भात काढला, इंद्रायणीची पोती बाजारात नेली, घरी आलो. राज्यकर्त्यांनी आपली नाडी ओळखली. त्यांना कळले की मावळचा माणूस आमदारकीसाठी भांडतो, पण पंचायतीसाठी भांडत नाही. ही ओळख पुसायची आहे. गावोगाव पाच-पाच जणांनी एकत्र या. तुमचा गट कुठला, गण कुठला, सदस्य कोण, त्याने गेल्या सभेत काय विचारले, हे वहीत लिहा. पाच वर्षांनी ती वही उघडा आणि मगच बोटाला शाई लावा.

मराठी राज्य आपण मिळवले ते मंत्रालयापर्यंत. ते वडगावच्या पंचायत समितीपर्यंत आणायचे काम अजून उरले आहे. ज्या मावळ्यांच्या नावाने सगळा महाराष्ट्र छाती फुगवतो, त्यांच्या मुलुखात लोकांची खुर्ची पुन्हा चार वर्षे मोकळी राहिली, तर तो दोष मुंबईचा जेवढा, तेवढाच आपलाही ठरेल.

म्हणून वेशीवर, पारावर, बाजारात, कामशेतच्या स्टेशनावर आणि लोणावळ्याच्या चौकात एकच घोष होऊ द्या:

मुदत संपण्याआधी मतदान झालेच पाहिजे!

जय महाराष्ट्र!